अठराशे बहात्तर दाणे

१

शनिवारी शाळेचा मेळा अगदी रंगात आला असताना मोठ्या बाईंनी टेबलावरचं पाकीट फोडलं आणि आतला आकडा वाचून दाखवला. एक हजार आठशे बहात्तर. दुसरीच्या वर्गानं काचेच्या बरणीत भरलेले राजम्याचे दाणे बरोबर इतके होते. आठवडाभर घरोघरच्या लोकांनी चिठ्ठ्या विकत घेऊन त्यावर आपापला अंदाज लिहून दिला होता. त्यातून दुसरीच्या वर्गाला पुस्तकांचं कपाट मिळणार होतं, आणि ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा त्याला नवीकोरी सायकल.

शाळेच्या क्लार्कनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाळला, एक चिठ्ठी वर काढली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा पाहिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, एक हजार आठशे बहात्तर. ना एक जास्त, ना एक कमी. चिठ्ठी फरशीवाल्याची होती. म्हणजे घरोघरी फरश्या बसवणारा तो उंच, अबोल माणूस, ज्याची मुलगी दुसरीत होती आणि बाकावर सतत मागे वळून बसते म्हणून सगळा वर्ग तिला फिरकी म्हणायचा.

आधी टाळ्या पडल्या. मग त्या विरळ झाल्या आणि मागून कुजबुज सुरू झाली. पालकसभेचे प्रमुख म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांचा अंदाज एक हजार नऊशेचा होता, आणि तो दुसरा आला होता. त्यांनी घसा साफ केला.

"अंदाज चुकतो, म्हणून त्याला अंदाज म्हणतात," ते म्हणाले. "हा चुकलेला नाही. म्हणजे हा अंदाज नाही."

सगळ्यांच्या माना एकदम दुसरीच्या बाईंकडे वळल्या. बाई नव्या होत्या. वर्षभराच्या बोलीवर आल्या होत्या आणि कायम होण्याच्या कागदावर महिनाअखेरीला सही व्हायची होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कारण तो आकडा मेळ्याआधी जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि ते माणूस म्हणजे त्या स्वतः.

२

गर्दीत एक म्हातारे गृहस्थ हातातला केक संपवत उभे होते. त्यांचा नातू दुसरीत होता. दर बुधवारी ते वर्गात येऊन एकेका मुलाचं वाचन ऐकायचे. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं आणि बुडालेले ट्रक तपासले होते, म्हणून मुलं त्यांना विमाआजोबा म्हणत. मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. सोमवारी अकराला सभा ठेवली आहे, तोवर खरं काय ते शोधून द्या, म्हणाल्या. औषधवाल्यांची मागणी सरळ होती: फितुरी झाली असेल तर बाईंना कायम करायचं नाही.

आजोबांना बाई आवडत. पण आवडती माणसं लबाड निघालेली त्यांनी नोकरीत इतकी पाहिली होती की आवडीनिवडीचा ते हिशेबच करत नसत. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पाकिटापासून सुरुवात केली. लाख शाबूत होती. डिंक एकदाच लागलेला होता. दिव्यासमोर धरलं तर आतलं काही दिसत नव्हतं. क्लार्कनं सांगितलं की बाईंनी आपल्यासमोर आकडा लिहिला, हातानं झाकून, आणि आपल्यासमोरच पाकीट बंद केलं. तेव्हापासून ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होतं आणि किल्ली आपल्या कमरेला. क्लार्क असा माणूस होता की त्याच्या कपाटातून खडू घ्यायचा तरी अर्ज द्यावा लागे. आजोबांनी त्याचा विषय तिथेच मिटवला.

बरणी पुन्हा मोजून पाहिली. अठराशे बहात्तर. दाणे मोजता मोजता दोघांची बोटं दुखून आली, पण आकडा हलला नाही.

मग शिपाईमामांशी बोलणं झालं. मामा फाटकावर बसायचे, आणि फाटकावर बसणाऱ्या माणसाला जे दिसतं ते देवालाही दिसत नाही असं त्यांचं मत होतं. आधी ते हवापाण्यावर बोलले, मग मेळ्यातल्या कचऱ्यावर. आजोबा नुसते बसून राहिले. शेवटी मामांनीच आवाज खाली आणला.

"मला बाईंचं वाईट करायचं नाही हो. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण गेल्या शुक्रवारी सुटायच्या वेळी फरशीवाला फाटकाशी आला होता. बराच वेळ दोघं बोलत होते. आणि जाताना बाईंनी त्याला एक पाकीट दिलं. जाडजूड."

३

बाई रिकाम्या वर्गात छोट्या खुर्चीवर बसल्या होत्या. पाकिटाचं विचारल्यावर त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत, आणि आजोबांना तेच जास्त खटकलं. हो, दिलं पाकीट, त्या म्हणाल्या. त्यात 'आमचा आठवडा'चे जुने कागद होते. पहिलीचे, गेल्या वर्षीचे. त्याने मागितले.

'आमचा आठवडा' म्हणजे दर शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या दप्तरातून घरी जाणारा एक पानी कागद. वर्गात रोज काय झालं, ते त्यात ठळक, मोठ्या अक्षरात छापलेलं असे. बाई रोज वर्ग सुटायच्या आधी त्या दिवसाची एक ओळ लिहून टाकत आणि शुक्रवारी प्रती काढत.

"गेल्या वर्षीचे कागद?" आजोबांनी विचारलं. "कशाला?"

"मी विचारलं नाही. आजोबा, खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी विचारलंच नाही. मी आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तो कागद मागितला होता. चालू वर्षीचे सगळे आपल्याकडे आहेत म्हणाला. मी ऑफिसातून जुनी फाइल काढून दिली."

आजोबांना हसावं की चिडावं कळेना. ही सबब सभेत सांगितली तर औषधवाले बाईंना खिडकीतूनच बाहेर काढतील. शाळेचे जुने कागद कोणी मागून नेतं का? लोक नवे नेत नाहीत. त्यांनी नमुना म्हणून एक कागद मागितला. बाईंनी दाणे मोजले त्या आठवड्याचा दिला. आजोबांनी त्यावरून नजर फिरवली.

*आमचा आठवडा. इयत्ता दुसरी.*
*सोमवार, हस्तकला: आम्ही दोघादोघांनी मिळून बुटांच्या खोक्यांच्या झाकणांचे ट्रे बनवले. निळे सात झाले आणि पिवळे सहा.*
*मंगळवार, भाषा: आम्ही आपल्या शेजाऱ्याबद्दल पाच वाक्यं लिहिली.*
*बुधवार, वाचन: विमाआजोबांना वाचून दाखवलं. वाचलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं ठिपका दिला.*
*गुरुवार, गणित: प्रत्येक ट्रेमध्ये राजम्याच्या बारा ओळी लावल्या. एका ओळीत बारा दाणे. सगळे ट्रे भरले आणि मग बरणीत ओतले. एकूण किती, ते गुपित आहे.*
*शुक्रवार, निसर्ग: पिशवीत उरलेले सात दाणे ओल्या कापसात ठेवले.*

खाली मोठ्या बाईंची सही होती आणि 'तपासले' असा शिक्का. आपलं नाव छापून आलेलं पाहून आजोबांना बरं वाटलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात टाकला.

बाईंनी दारापर्यंत येऊन विचारलं, "माझं जाणार का हो सगळं?"

आजोबा म्हणाले, बघू. खोटा दिलासा द्यायची सवय त्यांना नव्हती, आणि त्या क्षणी खरा त्यांच्याकडे नव्हता.

४

रविवारी सकाळी फरशीवाला एका नव्या इमारतीत काम करत होता. रिकाम्या खोलीत तो गुडघ्यांवर बसून लाकडी हातोडीनं फरशी ठोकत होता. आजोबा आल्याचं पाहून उठला, हात पुसले, त्यांना सिमेंटच्या पोत्यावर वर्तमानपत्र घालून बसायला दिलं आणि पुन्हा कामाला लागला.

आकडा कसा सुचला, या प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं. अंदाज लागला. तीन वेळा विचारलं, तीनदा तेच. बाईंनी सांगितला का, यावर मात्र त्याची हातोडी थांबली. बाईंनी काही सांगितलं नाही, तो म्हणाला. सायकल परत घ्या, मला नको. पण बाईंचं नाव घेऊ नका.

"मग सांगा ना कसा लागला ते," आजोबा म्हणाले. "त्यांची नोकरी जातेय."

फरशीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर खाली वळवून तो फरशीच्या कडेची धूळ पुसायला लागला. आजोबांनी असे चेहरे खूप पाहिले होते. हा खोटं बोलणारा चेहरा नव्हता, लाजणारा होता. पण चोरीची लाज वेगळी असते आणि ही कशाची होती ते त्यांना उमगेना.

विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं, या खोलीत किती फरश्या लागतील. त्याने भिंतीकडे मान वळवली, परत आणली. "सतरा ओळी, एका ओळीत चौदा. दोनशे अडतीस. दाराशी दोन कापाव्या लागतील," म्हणाला. कागद नाही, पेन नाही, डोळ्याची पापणीही लवली नाही.

निघताना आजोबांनी सभेची छापील सूचना त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, घडी केली आणि खिशात ठेवली. "किती वाजता म्हणालात?" त्याने विचारलं. वेळ कागदावर सगळ्यात वर, बोटाएवढ्या आकड्यात होती.

कोपऱ्यात त्याचा डबा होता. डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद डोकावत होता. 'आमचा आठवडा', आधीच्या एका शुक्रवारचा असावा. आजोबा वाकले. कागदावर प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका होता. आणि त्या ठिपक्याशेजारी, जरा जड हातानं दिलेला, दुसरा.

५

आजोबा घरी आले ते थेट खुर्चीत बसले आणि खिशातला कागद काढला. काल त्यावर त्यांनी नजर फिरवली होती. आज तो वाचला. एकेका शब्दावर थांबून, दुसरीतल्या मुलासारखा.

गुरुवारच्या ओळीला ते थबकले. बारा ओळी, एका ओळीत बारा. एकशे चव्वेचाळीस. मग बोट वर सोमवारकडे सरकलं. निळे सात आणि पिवळे सहा, तेरा ट्रे. त्यांनी समासात गुणाकार मांडला. उत्तर आलं तेव्हा ते स्वतःशीच मोठ्यानं हसले. सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. उरलेले सात दाणे कापसात गेले, म्हणजे तेही मिळवायचे नाहीत. अठराशे बहात्तर.

गुपित कुणी फोडलंच नव्हतं. बाईंनी ते सोमवारी एक ओळ, गुरुवारी एक ओळ असं स्वतःच लिहिलं होतं. रोजची ओळ रोज लिहायची आणि मागची वाचायची नाही ही त्यांची सवय. त्यांच्याच हातानं छापून ते सव्वीस घरांत गेलं होतं. मोठ्या बाईंनी तपासून सही केली होती. आठ दिवस ते गुपित सव्वीस घरांत पडून होतं आणि कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. आजोबांनी सुनेला विचारलं, आपला कागद कुठाय. तिनं चपलांच्या कपाटाचा खण उघडून दाखवला. खणात खाली अंथरला होता, चिखलाचा एक ठसा घेऊन.

सव्वीसपैकी एकाच घरात तो वाचला गेला. एकदा नाही, दोघांनी मिळून, शब्दाशब्दाला. आणि वाचणाऱ्यांपैकी एकाला ओळी आणि रांगा दिसल्या की गुणाकार आपोआप होत होता, कारण जन्मभर त्याने तेच केलं होतं.

संध्याकाळी आजोबा फरशीवाल्याच्या घरी गेले. फिरकी शेजारी खेळायला गेली होती. आजोबांनी सगळं सांगितलं आणि एक गोष्ट सोडून दिली. ती फरशीवाल्यानेच उचलली.

"मला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "ती शाळेत जायला लागली तसं तिच्याबरोबर शिकतोय. ती शिकवते मला. घरात मोठ्या अक्षराचं एवढंच येतं, म्हणून जुने मागितले. हे सभेत निघालं तर पोरं चिडवतील तिला. तुझ्या बापाला वाचता येत नाही म्हणतील."

आजोबा म्हणाले, निघणार नाही. तुम्ही कागद वाचलात एवढंच मी सांगेन, आणि ते खरंच आहे.

६

सोमवारी अकराला ऑफिसात मोठ्या बाई, क्लार्क, औषधवाले, दुसरीच्या बाई आणि फरशीवाला, सगळे जमले. आजोबांनी कागद टेबलावर ठेवला आणि तीन ओळींवर तीन बोटं ठेवली. सोमवार, गुरुवार, शुक्रवार. क्लार्कनं गुणाकार केला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मोठ्या बाईंनी खालच्या आपल्या सहीकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरीच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण त्यांचा श्वास दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झालेला दिसला.

मिटलं म्हणून आजोबा खुर्चीत मागे टेकले. तेवढ्यात औषधवाले बोलले. आवाजात खुनशीपणा नव्हता, उलट त्यांना ते बोलताना जडच जात होतं.

"आजोबा, तुमचं गणित बरोबर आहे. पण हे गेली दहा वर्षं माझ्याकडे औषधं नेतात. दर वेळी बाटलीवरचं मी वाचून सांगतो. यांना वाचता येत नाही. मग यांना हा कागद कोणी वाचून दाखवला?"

आजोबांनी फरशीवाल्याकडे पाहिलं. आपण दिलेला शब्द असा मोडीत निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आता काही बोललं तरी तो मोडणारच होता. चाळीस वर्षांत इतकं हतबल त्यांना क्वचित वाटलं होतं.

फरशीवाला उठला आणि टेबलाशी आला. "आता येतं," तो म्हणाला.

त्याने समोरचा कागद उचलला, मग स्वतःच खाली ठेवला. हा पाठ आहे, म्हणाला, दुसरा द्या. मोठ्या बाईंनी चाचपडत खणातून गेल्या आठवड्याचा मसुदा काढला. मेळ्याच्या गडबडीत शुक्रवारी त्याच्या प्रती निघाल्याच नव्हत्या; तो आज सकाळीच सहीला आला होता, अजून कोणाच्या घरी गेला नव्हता. त्याने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. फरश्या बसवून बसवून त्या बोटाचं नख काळं पडलं होतं.

"सोम-वार. आम्ही. साव-ली. मोजली." तो थांबला, ओठ ओले केले. "सकाळी. सावली. लांब. होती. दुपारी. आखूड. झाली."

बोट पुढे सरकत राहिलं. क्लार्क, ज्याला कोणी दोन मिनिटं गप्प पाहिलं नव्हतं, खाली मान घालून ऐकत होता. मंगळवार संपला. बुधवारी आरशाबद्दल काहीतरी होतं आणि तिथे बोट थांबलं. शब्द मोठा होता. त्याने सुरुवात केली, सोडली, परत केली. सगळ्यांच्या जिभेवर तो शब्द आला होता आणि कोणीही तो पुरवला नाही. दुसरीच्या बाईंचे ओठ नुसतेच हलत होते. आजोबा बुधवारी मुलांसमोर बसत तसे बसले होते, घाई न करता.

"प्र-ति," फरशीवाला म्हणाला. "प्रति-बिं. प्रतिबिंब."

आणि पुढे गेला. शुक्रवारपर्यंत त्याने सगळं वाचलं, शेवटच्या टिंबापर्यंत. मग कागद सरळ करून टेबलावर ठेवला.

औषधवाले उठले. ते माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी उगाच शर्टाची बाही खाली केली आणि म्हणाले की सायकल आपल्या दुकानाच्या मागे ठेवली आहे, संध्याकाळी हवा भरून ठेवतो. दाराशी जाऊन ते परत वळले. पुढच्या वेळी बाटलीवरचं तुम्ही वाचा, मी ऐकतो, म्हणाले, आणि गेले.

मोठ्या बाईंनी मसुदा जवळ ओढला. सही करायला पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि सोमवारपासून सगळा वाचून काढला. वाचून झाल्यावर त्यांनी खणातून आणखी एक कागद काढला, कायम करण्याचा. त्यावर महिनाअखेरची तारीख होती. ती खोडून त्यांनी आजची घातली. दुसरीच्या बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते काही केल्या थांबेना. क्लार्कनं आपल्या कपाटातून त्यांना कागदी रुमाल काढून दिला, अर्ज न मागता.

आजोबा बाहेर व्हरांड्यात आले तर खांबाला टेकून फिरकी उभी होती. मधली सुट्टी झाली होती. आत काय चाललंय ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण बापाचा आवाज तिनं खिडकीतून ऐकला होता. फरशीवाला तिच्यापुढे उकिडवा बसला.

"बाबा, तू सगळ्यांसमोर वाचलंस?"

"हो."

"अडलास का?"

"एकदा," तो म्हणाला. "प्रतिबिंबला."

फिरकीनं मान डोलावली.

"तिथे वर्गात सगळेच अडले होते," ती म्हणाली. "मीपण."